थंड प्रदेशातली भाड्याची घरं: गरम पाण्याची परवडणारी सोय कशी निवडावी

भाड्याने द्यायच्या घरांत पहिल्यांदा गरम पाण्याची सोय केली तेव्हा मी दुकानातले सगळ्यात स्वस्त, ३ किलोवॅटचे इन्स्टंट गीझर आणले. उन्हाळ्यात कोणाची तक्रार नव्हती. पारा शून्याजवळ आला आणि प्रत्येक भाडेकरू एकच सांगू लागला: नळ पूर्ण सोडला तर पाणी कोमट येतं, आणि कढत हवं असेल तर धार करंगळीएवढी होते. गीझर नीट होते, कंपनीचीही काही चूक नव्हती. दहा मिनिटांत कागदावर होणारा हिशोब मी केला नव्हता, एवढंच. पुढच्या वर्षी सगळे गीझर काढून दुसरे बसवले आणि एकाच कामाचे पैसे दोनदा गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळा क्रम इथे मांडतो आहे.

सुरुवात करण्याआधी हे जवळ ठेवा

- मागच्या बारा महिन्यांची वीज आणि गॅसची बिलं. घर नवीन असेल तर निदान सध्याचे दर.
- विजेच्या जोडणीचा मंजूर भार किती आहे त्याचा कागद.
- पाण्याचं तापमान मोजायचा साधा थर्मामीटर, खुणा असलेली बादली आणि घड्याळ.
- पाण्याच्या कठीणपणाची चाचणीपट्टी. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो विरघळलेले सगळेच क्षार मोजतो. गीझरच्या आत पापुद्रा धरतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि ते किती आहेत हे त्यावरून कळत नाही.
- घराचा नकाशा किंवा हाताने काढलेलं रेखाटन, त्यावर पाइप कुठून कसे जातात त्याच्या खुणा.
- भाडेकराराचा मसुदा. गरम पाणी पुरवणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे का, किती तापमानाचं द्यावं लागतं आणि गॅसची तपासणी किती महिन्यांनी करायची, याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. करार लिहिण्याआधी आपल्या भागातले नियम वाचून घ्या.

१. बिल कोण भरणार ते आधी ठरवा

उपकरणाचे पैसे घरमालक देतो आणि महिन्याचं बिल बहुतेक वेळा भाडेकरू. त्यामुळे मालकाचा हात आपोआप स्वस्त उपकरणाकडे जातो आणि जास्त बिलाचा भार भाडेकरूवर पडतो. हा फायदा फार काळ टिकत नाही. हिवाळ्याची दोन-तीन बिलं आली की भाडेकरू दुसरं घर बघू लागतो, आणि रिकाम्या घराचा एक महिना चांगल्या उपकरणातला वाढीव खर्च खाऊन टाकतो.

बिल तुम्हीच भरणार असाल, म्हणजे भाड्यात गरम पाणी धरलेलं असेल, तर चालवण्याचा खर्च सर्वांत महत्त्वाचा. तिथे महाग पण काटकसरी यंत्र लवकर वसूल होतं. बिल भाडेकरूकडे असेल तर प्रत्येक घराला स्वतंत्र गीझर आणि स्वतंत्र मीटर ठेवा. एका मोठ्या टाकीतून चार घरांना पाणी देऊन बिलाची चार समान वाटणी केलीत, तर एकटा राहणारा आणि पाच जणांचं कुटुंब सारखेच पैसे भरतील, आणि महिन्याभरात तुमच्या दारात भांडण येईल. मध्यवर्ती व्यवस्थाच करायची असेल तर प्रत्येक घराच्या गरम पाण्याच्या लाइनवर मीटर बसवल्याशिवाय ती सुरू करू नका.

२. येणारं पाणी किती थंड आहे ते मोजा

सगळा हिशोब या आकड्यावर उभा आहे आणि नेमका हाच आकडा कोणी विचारत नाही. हिवाळ्यातल्या सकाळी थंड पाण्याचा नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या आणि मग थर्मामीटर धरा. थंड प्रदेशात ५ अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी येणं नेहमीचं आहे. उष्ण भागात तेच २० ते २५ अंशांचं असतं.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६३ वॅट-तास ऊर्जा लागते. म्हणजे लिटर गुणिले वाढवायचे अंश गुणिले १.१६३, भागिले १०००, हे आलं उत्तर युनिटमध्ये. १०० लिटर पाणी ५ अंशांवरून ४५ वर न्यायला ४.६५ युनिट लागतात. तेच पाणी २५ अंशांचं असतं तर निम्म्यात काम झालं असतं. म्हणून उष्ण भागात राहणाऱ्या नातेवाइकाने ‘आमच्याकडे हा गीझर मस्त चालतो’ असं सांगितलं, तरी तुमच्या घरासाठी त्याचा काही उपयोग नाही.

३. गर्दीच्या दोन तासांत किती पाणी लागतं ते काढा

दिवसभराची बेरीज बिलासाठी लागते. टाकी किती मोठी हवी हे मात्र सकाळच्या दोन तासांवर ठरतं, कारण भाडेकरू साधारण एकाच वेळी कामाला निघतात.

शॉवरखाली बादली धरून एका मिनिटात किती पाणी पडतं ते बघा. जुने शॉवर मिनिटाला १२ ते १५ लिटर सोडतात, कमी पाण्याचे ६ ते ८. आठ लिटरचा शॉवर सात-आठ मिनिटं चालला की ६० लिटर होतात. हे पाणी ४० अंशांचं असतं, टाकीत ६० अंशांचं असतं आणि थंड पाणी मिसळून आपण ते आणतो. थंड पाणी ५ अंशांचं असेल तर त्या ६० लिटरमध्ये टाकीतले ३८ लिटर जातात. थंड पाणी २० अंशांचं असतं तर ३० पुरले असते. तीच टाकी हिवाळ्यात ‘लवकर संपते’ याचं एक कारण हे.

शिवाय टाकीतलं सगळं पाणी वापरता येत नाही. खालून थंड पाणी शिरतं, त्यामुळे तीन-चतुर्थांश उपसून झालं की धार कोमट होऊ लागते. म्हणून ५० लिटरचा गीझर म्हणजे एका माणसाची एक आंघोळ. २५ लिटरचा म्हणजे जेमतेम ३० लिटर मिसळलेलं पाणी, शॉवरची चार मिनिटंसुद्धा नाहीत.

चार जणांच्या घराला असाच हिशोब लावला तर २४० लिटर मिसळलेलं पाणी, म्हणजे टाकीतले सुमारे १५० लिटर, म्हणजे २०० लिटरची टाकी असं उत्तर येतं. पण पाणी उपसलं जात असताना कॉइलही तापवत असते. ३ किलोवॅटची कॉइल ५ अंशांचं पाणी ६० वर नेत तासाला साधारण ४७ लिटर तयार करते. आंघोळी दोन तासांत विभागल्या जात असतील तर १५० लिटरची टाकी पुरते. माझा सल्ला असा की टाकी वाढवण्याआधी शॉवर बदला. कमी पाण्याचा चांगला शॉवर हा या लेखातला सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो पहिल्या दिवसापासून पैसे वाचवतो. मात्र धार दुबळी वाटणारा घेतलात तर भाडेकरू तो काढून स्वतःचा बसवेल. म्हणून आधी आपल्या घरी लावून बघा.

४. इंधनाचा खरा भाव काढा

दर युनिटला, दर किलोला, दर लिटरला असे वेगवेगळे सांगितले जातात आणि तुलना होत नाही. सगळे दर ‘पाण्यात प्रत्यक्ष गेलेल्या एका युनिट उष्णतेचा भाव’ या एका मापात आणा:

- कॉइलचा विजेचा गीझर: विजेचा दर जसाच्या तसा धरा.
- हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र): थंडीत विजेचा दर भागिले २ ते २.५, उबदार दिवसांत भागिले ३ किंवा थोडं जास्त.
- एलपीजीचा इन्स्टंट गीझर: एका किलोत सुमारे १२.८ युनिट उष्णता असते, त्यातली ८० टक्क्यांच्या आसपास पाण्यात जाते. किलोचा दर भागिले १०.
- पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू: घनमीटरला सुमारे १० युनिट. साध्या गीझरला भागिले ८, कंडेन्सिंग प्रकाराला (जो धुरातली उष्णताही वापरतो) भागिले ९.
- डिझेल किंवा केरोसीनचा बॉयलर: लिटरचा दर भागिले ८.
- लाकूड: वाळलेल्या लाकडाच्या किलोत ४ युनिट, ओल्यात बरीच कमी. पण रोज पेटवायला माणूस लागतो, त्यामुळे भाड्याच्या घरासाठी मी ते धरतच नाही.

आता चार जणांचं घर घ्या. माणशी रोज ५० लिटर, ४० अंशांची वाढ, म्हणजे ९.३ युनिट. टाकी नुसती गरम राहण्यात रोज साधारण २ युनिट जातात. महिन्याला ३४० युनिट झाले. हेच काम २.५ गुणोत्तराचा, म्हणजे एका युनिट विजेत २.५ युनिट उष्णता देणारा, हीट पंप १३५ युनिट विजेत करतो. या फरकाला तुमच्या दराने गुणा, कडक हिवाळ्याच्या महिन्यांनी गुणा, आणि येणारी रक्कम दोन उपकरणांच्या किमतींतल्या फरकाशेजारी लिहा. किती वर्षांत वसूल होतं ते लगेच दिसेल. पाच-सहा वर्षांच्या आत वसूल होत असेल तर मी महाग यंत्र घेतो. त्यापुढे जात असेल तर घेत नाही, कारण साध्या टाकीच्या गीझरचं आयुष्यच आठ ते बारा वर्षांचं असतं आणि भाड्याच्या घरात ते क्वचितच जास्त निघतं.

५. उपकरण निवडा

*विजेचा इन्स्टंट गीझर.* थंड प्रदेशात आंघोळीसाठी घेऊ नका. मिनिटाचे लिटर गुणिले वाढवायचे अंश गुणिले ०.०७, हे लागणारे किलोवॅट. ८ लिटरची धार ४० अंशांनी तापवायची तर २२ किलोवॅट लागतात, २३० व्होल्टला जवळपास ९७ अँपिअर. इतका भार साध्या घरगुती जोडणीला पेलत नाही. माझे ३ किलोवॅटचे गीझर मिनिटाला जेमतेम एक लिटर पाणी देत होते, ते यामुळेच. स्वयंपाकघरात हात किंवा दोन भांडी धुण्यापुरता तो ठीक आहे.

*साठवणीचा विजेचा गीझर.* एक-दोन माणसांच्या घरासाठी, आणि जिथे कोणी कधी येतं कधी नसतं अशा जागेसाठी, मी आजही हाच बसवतो. बिघडला तर कॉइल आणि थर्मोस्टॅट कुठेही मिळतात आणि कोणताही इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात ते बदलतो. भर थंडीत भाडेकरूला तीन दिवस थांबायला लावणारं यंत्र कागदावर कितीही काटकसरी असलं तरी महागच पडतं. घेताना इन्सुलेशनची जाडी बघा, आतली टाकी काचेचा लेप असलेली की स्टेनलेस ते विचारा, आणि सगळ्या घरांत एकाच मॉडेलचा बसवा म्हणजे सुट्या भागांचा एकच डबा पुरतो.

*हीट पंप.* हा हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, म्हणून विजेच्या दुप्पट-तिप्पट काम करतो. पण हवा जितकी थंड तितकं हे गुणोत्तर घसरतं. घरात बसवायची बरीचशी मॉडेल साधारण ५ अंशांखाली पंप बंद करून सरळ कॉइलवर जातात, आणि मग तुम्ही महागडा कॉइलचा गीझरच चालवत असता. विकत घेताना ‘गुणोत्तर किती’ एवढंच विचारू नका. ‘शून्याला किती, उणे दहाला किती’ हे लेखी मागा. बाहेर बसवायची, आत उष्णता वाहून नेणारा वायू म्हणून प्रोपेन किंवा कार्बन डायऑक्साइड वापरणारी मॉडेल कडक थंडीतही काम करतात. कार्बन डायऑक्साइडवर चालणारे घरगुती पंप जपानमध्ये २००१ साली ‘इको क्यूट’ या नावाने बाजारात आले, म्हणजे तंत्र आता नवखं राहिलेलं नाही.

इथे एक चूक बरेच जण करतात. घरातला हीट पंप ज्या खोलीत असतो ती खोली थंड करतो. ती खोली भाडेकरू हीटर लावून तापवत असेल, तर हीट पंप तीच उष्णता चोरून पाण्यात टाकतो आणि पैसे दोनदा जातात. त्याला तळघर, धुलाईची खोली किंवा अशी मोकळी जागा द्या जिथे हवा भरपूर आहे आणि थोडा गारठा झाला तरी कोणाला त्रास नाही. बंद कपाटात तो बसवू नका. पंखा आणि कंप्रेसरचा आवाज असतो, म्हणून झोपायच्या खोलीच्या भिंतीला लावू नका. निथळणारं पाणी वाहून जायला नळी लागते आणि ती बाहेर उघड्यावर काढलीत तर गोठते.

*गॅसचा इन्स्टंट गीझर.* धार चांगली देतो, टाकी नसल्याने उभ्या उभ्या उष्णता वाया जात नाही, मोठ्या कुटुंबाला पुरतो. पण भाड्याच्या घरात मी एक अट कधीच सोडत नाही: ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर पाइपने बाहेर सोडणारा, बंद ज्वलनकक्षाचाच गीझर, आणि तोही न्हाणीघराच्या बाहेर. थंडीत माणसं खिडकी घट्ट लावतात, झडपा कापडाने बुजवतात. मग उघड्या ज्योतीचा गीझर आतली हवा वापरत राहतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त चिकटतो. आंघोळीला गेलेला माणूस आतच बेशुद्ध होतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि वर्षातून एकदा तपासणी करून तिची पावती जपा. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

*सौर.* एकट्या सौरवर थंड प्रदेशात भिस्त ठेवता येत नाही. ज्या महिन्यांत पाणी सर्वांत थंड, त्याच महिन्यांत दिवस लहान आणि ऊन तिरपं असतं. बसवायचंच असेल तर निर्वात नळ्यांचं घ्या किंवा गोठणरोधक द्रव फिरवणारं. सपाट पॅनेलमधून पिण्याचंच पाणी थेट फिरवणारी साधी पद्धत एका कडक रात्रीत फुटते.

६. जागा आणि पाइप

गीझर नळाजवळ हवा. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या २० मीटर पाइपमध्ये सहा लिटरहून जास्त पाणी मावतं, आणि गरम धार येईपर्यंत ते सगळं सोडून द्यावं लागतं. आंघोळीनंतर तेवढंच गरम पाणी पाइपमध्ये राहून गार होतं. जागेमुळे टाकी लांबच ठेवावी लागत असेल तर पाइप बारीक घ्या आणि सगळ्या लांबीला इन्सुलेशन घाला.

बाहेरच्या भिंतीतून पाइप नेऊ नका. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढतं आणि पाइप फाटतो. गळती मात्र बर्फ वितळल्यावर सुरू होते, बहुतेक वेळा घरात कोणी नसताना. इन्सुलेशन गोठणं लांबवतं, थांबवत नाही. जिथे दुसरा मार्गच नाही तिथे थर्मोस्टॅट असलेली तापवायची केबल पाइपला बांधा.

७. बसवून घेताना समोर उभे राहा

सुरक्षा झडप, म्हणजे दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारी झडप, ही प्लंबरच्या मर्जीवर सोडायची गोष्ट नाही. ५ अंशांचं पाणी ६० वर गेलं की १.७ टक्के फुगतं, २०० लिटरच्या टाकीत म्हणजे साडेतीन लिटर. लाइनवर एकदिशा झडप असेल तर या पाण्याला मागे जायला वाट नसते, म्हणून ते सामावून घेणारी छोटी प्रसरण टाकी लागते. ती नसली की सुरक्षा झडप रोज ठिबकते, आणि वैतागून कोणीतरी तिला बूच मारतं. बूच मारलेली झडप म्हणजे घरात ठेवलेला बॉम्ब. तिची नळी नेहमी मोकळी आणि खाली उताराची हवी.

थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. वीज वाचवायला ४५ वर आणायचा मोह होतो, पण लेजिओनेला हे न्यूमोनिया करणारे जंतू २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतात. उलट ६० अंशांचं पाणी सरळ अंगावर आलं तर काही सेकंदांत भाजतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं ज्या घरात राहू शकतात तिथे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे टाकीत ६० आणि नळाला ५० च्या आत.

३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर ओढतो. त्याला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, चांगलं अर्थिंग आणि गळतीचा करंट तोडणारा स्विच द्या. सहा घरांचे सहा गीझर सकाळी एकदम लागले तर १८ किलोवॅट होतात. मंजूर भार त्याला पुरतो का ते आधी बघा, नाहीतर टायमर लावून वेळा विभागा. रात्री वीज स्वस्त असेल तर टायमरने दुहेरी फायदा होतो.

वॉरंटीचा कागद तिथेच वाचा. घरगुती वॉरंटी भाड्याच्या मालमत्तेला लागू नाही किंवा तिची वर्षं कमी होतात, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असू शकतं. माझ्या एका टाकीचा दावा याच कारणाने नाकारला गेला. बिलावर वापर काय लिहिला आहे तेही तपासा.

८. देखभाल आणि भाडेकरार

टाकीत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो. तो स्वतः झिजून टाकीचं पोलाद वाचवतो. दोन-तीन वर्षांनी काढून बघा आणि आतली तार दिसू लागली की बदला. रॉडला लागतात त्याच्या कितीतरी पट पैसे नव्या टाकीला लागतात. पाण्याचा कठीणपणा लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर असेल तर पाणी फारच कठीण समजा. तिथे वर्षाला एकदा टाकी खालून धुऊन काढा आणि इन्स्टंट गॅस गीझरमधले क्षार काढून घ्या.

करारात स्पष्ट लिहा: थर्मोस्टॅटला कोणी हात लावायचा, गळती किंवा बिघाड किती तासांत कळवायचा, आणि घर काही दिवस बंद ठेवताना काय करायचं. घराचा मुख्य कॉक कुठे आहे ते पहिल्याच दिवशी भाडेकरूला नेऊन दाखवा आणि त्याच्याकडून एकदा फिरवून घ्या. गीझरचे, झडपेचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो तारखेसह दोघांकडे ठेवा.

९. घर रिकामं पडलं तर

हिवाळ्यात भाडेकरू गेला आणि दुसरा यायचा आहे, हा सगळ्यात धोक्याचा काळ. घर गरम ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा जाऊन सगळे नळ काही मिनिटं सोडा. गरम ठेवणार नसाल तर टाकी आणि पाइप रिकामे करा. क्रम चुकवू नका: आधी गीझरची वीज किंवा गॅस बंद, मग मुख्य कॉक बंद, मग वरच्या मजल्याचे नळ उघडे, आणि शेवटी सगळ्यात खालच्या कॉकमधून पाणी सोडून द्यायचं. परत सुरू करताना उलट करा. पाणी भरा, गरम पाण्याच्या नळातून हवेचे फुत्कार थांबून सलग धार येऊ द्या, आणि मगच वीज लावा. कोरड्या टाकीत कॉइल चालू झाली तर ती मिनिटाभरात जळते, म्हणून गीझरच्या स्विचवर ‘टाकी रिकामी’ अशी चिठ्ठी चिकटवून मगच घराला कुलूप लावा.